एलटीओ-३ (बॅकअपच्या टेपचा एक प्रकार) सेकंदाला ८० मेगाबाइटची आणि नेटवर्क सेकंदाला १०० मेगाबिटचं, तर ४०० जीबीच्या बॅकअपला नेमका किती वेळ धरायचा?

तुम्हाला मिळालेली तीन उत्तरं तुम्ही कळवली आहेत. एक ऑनलाइन कॅल्क्युलेटर ८ तास ५३ मिनिटं सांगतो, दुसरा ९ तास ३३ मिनिटं, आणि जुना ड्राइव्ह विकणारा म्हणतो दीड तासात टेप भरेल. गंमत म्हणजे तिघांचंही गणित बरोबर आहे. प्रत्येकाने काहीतरी वेगळं गृहीत धरलंय आणि ते तुम्हाला सांगितलेलं नाही.

विकणारा फक्त ड्राइव्हचं बोलतोय. ४०० जीबीला सेकंदाला ८० मेगाबाइटने भागा, ५००० सेकंद येतात, म्हणजे ८३ मिनिटं. तुमचं नेटवर्क त्याच्या हिशेबात नाहीच. दोन्ही कॅल्क्युलेटरनी नेटवर्क धरलंय, पण पहिल्याने जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरले आणि दुसऱ्याने १०२४ × १०२४ × १०२४. ४० मिनिटांचा फरक तिथला आहे.

यातलं तुमच्या कामाचं कुठलं? नेटवर्कच्या वेगात किलो, मेगा, गिगा नेहमी हजाराच्या पटीत असतात. टेपच्या खोक्यावरचे ४०० जीबीही हजाराच्याच हिशेबाने. विंडोज मात्र १०२४ ने मोजतं आणि पुढे बिनधास्त ‘जीबी’ लिहितं. त्यामुळे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ४०० जीबी दिसत असतील, तर तो डेटा खोक्याच्या भाषेत ४२९.५ जीबी आहे आणि कॉम्प्रेशनशिवाय एका टेपवर मावणार नाही. विंडोजच्या मोजणीत टेपची जागा साधारण ३७२ जीबी भरते. वेळेचा हिशेब करण्याआधी हे तपासा.

आता १०० मेगाबिट. एका बाइटात ८ बिट, म्हणून ८ ने भागून १२.५ मेगाबाइट येतात, पण ते तारेवरून जाणारे सगळे बाइट झाले, त्यात तुमचा डेटा सगळा नाही. इथरनेटच्या एका पूर्ण फ्रेमला (डेटाच्या पाकिटाला) प्रिअँबल (सुरुवातीची खूण) आणि मधली मोकळी जागा धरून १५३८ बाइटांइतका वेळ लागतो. त्यात टीसीपीने नेलेला खरा माल, म्हणजे तुमचा डेटा, १४६० बाइट. म्हणजे सुमारे ९५ टक्के, सेकंदाला ११.८७ मेगाबाइट. या वेगाने ४०० जीबीला साधारण ९ तास २२ मिनिटं. कॉपी करताना विंडोजच्या खिडकीत (तिथेही मोजणी १०२४ ची) ११.२-११.३ दिसलं तर लाइन पूर्ण भरून चालली आहे, केबल बदलत बसू नका.

जुन्या साहित्यावरचे बिटचे आकडे बाइटमध्ये बदलताना ‘८ ने भागा’ हा नियम दगा देतो तो इथे: छापलेला आकडा कोडिंगच्या, म्हणजे तारेवर पाठवण्यासाठी जादा बिट घालण्याच्या, आधीचा की नंतरचा? पहिल्या साटाचा (डिस्क जोडायच्या केबलचा) वेग १.५ गिगाबिट. ८ ने भागून १८७.५ मेगाबाइट येतात, पण प्रत्यक्षात ते १५० च. तिथे ८ बिट पाठवायला तारेवर १० बिट खर्च होतात आणि छापलेला आकडा तारेवरचा आहे, म्हणून भागायचं १० ने. फायबरवरच्या गिगाबिट इथरनेटमध्येही हेच कोडिंग आहे, पण तिथे तारेवर १.२५ गिगाबिट धावतात आणि नाव १ गिगाबिटचं दिलंय, म्हणून तिथे ८ च. सिरियल कन्सोलच्या (उपकरणाला थेट जोडायच्या जुन्या पोर्टच्या) सेकंदाला ९६०० बिटांनाही १० ने भागा, कारण प्रत्येक बाइटला एक स्टार्ट आणि एक स्टॉप बिट लागतो. अल्ट्रा३२० स्कझीचे (सर्व्हरला डिस्क-टेप जोडायच्या जुन्या पद्धतीचे) ३२० तर मुळात मेगाबाइटच आहेत, त्याला कशानेच भागू नका. आणि सीडी-डीव्हीडीच्या वेगाचे ‘एक्स’ एकमेकांशी ताडू नका: सीडीचा १ एक्स सेकंदाला १५० किलोबाइट, डीव्हीडीचा जवळपास १.४ मेगाबाइट.

पण तुमच्या बाबतीत माझी खरी काळजी गणिताची नाही. एलटीओ-३ ला चालती टेप चालती ठेवायला सतत डेटा लागतो. ड्राइव्ह थोडाफार वेग कमी करून घेतो, पण ११-१२ मेगाबाइटपर्यंत नाही. मग बफर (ड्राइव्हमधली तात्पुरती साठवण) रिकामा होतो, टेप थांबते, मागे जाते, जागा शोधते, पुन्हा सुटते. याला शू-शायनिंग म्हणतात. वेळ वाया जातो तो जातोच, वर टेप आणि हेड (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) दोन्ही झिजतात. जुन्या ड्राइव्हला हेड बसवून देणारा मिळणं आज अवघड आहे.

म्हणून रात्रीत सगळ्या मशीनचा डेटा सर्व्हरच्या डिस्कवर गोळा करा आणि सकाळी तिथूनच टेपवर सोडा. डिस्क सलग वाचताना ८० च्या वर देते का ते आधी पाहा. लाखो बारक्या फायली असतील तर आधी एका मोठ्या फाइलमध्ये बांधा, नाहीतर चांगली डिस्कही १०-१५ वर येते. स्विच आणि कार्ड गिगाबिटचं केलंत तर ११८ मेगाबाइटपर्यंत मिळतात, एलटीओ-३ ला पुरेसे. फक्त खोक्यावरच्या ‘१६० मेगाबाइट, ८०० जीबी’वर जाऊ नका, तो २:१ कॉम्प्रेशन धरून लिहिलेला आकडा आहे. फोटो, व्हिडिओ, झिप यांना तो लागू नाही. उलट टॅलीचा डेटा किंवा टेक्स्ट लॉग खरंच निम्मे झाले, तर टेप पूर्ण वेगात ठेवायला ड्राइव्हच सेकंदाला १६० मागेल आणि गिगाबिटही कमी पडेल.

तुमचा शेवटचा प्रश्न शाखेतल्या ‘टू एमबी’ लीज लाइनचा. ती ई१ (टेलिफोन कंपनीची ठरावीक वेगाची डिजिटल लाइन) असेल तर ३२ खाचा (टाइमस्लॉट), प्रत्येकी ६४ किलोबिट, एकूण २.०४८ मेगाबिट. एक खाच फ्रेमिंगला, म्हणजे खाचांचा ताळमेळ राखायला, गेली की १.९८४ उरतात, म्हणजे सेकंदाला २४८ किलोबाइट. ४०० जीबीला साडेअठरा दिवसांहून थोडं जास्त, तेही लाइन एकदाही न तुटता. हार्ड डिस्क एन्क्रिप्ट करून कुरिअरने मागवा.