मक्याच्या शेतातलं मैदान पाहताना

प्रिय,

बेसबॉलचा एक नियम कळत नसताना 'फील्ड ऑफ ड्रीम्स'च्या शेवटी रडू का आलं, हा तुझा प्रश्न आवडला. मक्याचं पीक मोडून बेसबॉलचं मैदान करणारा शेतकरी, तिथे खेळायला येणारी जुन्या खेळाडूंची भुतं आणि शेवटी भेटणारा मेलेला बाप, एवढीच ती गोष्ट. 'बापलेकाची गोष्ट सगळीकडे सारखीच' एवढं लिहून मोकळी होऊ नकोस. ते खरं आहे, पण त्यावर लेख उभा राहत नाही.

मला वाटतं, हे बेसबॉलचे सिनेमे जुना काळ नुसता दाखवत नाहीत, तो दुरुस्त करून देतात. दुरुस्तीच्या जागा शोध. बर्नार्ड मॅलमडच्या १९५२ च्या 'द नॅचरल' कादंबरीत खेळाडू नायक शेवटी स्ट्राइकआउट होतो, म्हणजे चेंडू हुकवून बाद होतो. १९८४ च्या सिनेमात तोच नायक, रॉबर्ट रेडफर्ड, होमरन (बेसबॉलचा षटकारच म्हण) मारून मैदानाचे दिवे फोडतो. ही दुरुस्ती मला जरा स्वस्तातली वाटते.

'फील्ड ऑफ ड्रीम्स'मधल्या 'मूनलाइट' ग्रॅहमकडे मात्र नीट बघ. हा खरा माणूस. १९०५ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून एकच सामना खेळला आणि त्यात बॅटिंगची पाळीच आली नाही. पुढे मिनेसोटातल्या चिझम गावात डॉक्टरकी केली. सिनेमा त्याला ती पाळी देतो. पण तिथे तो होमरन मारत नाही, सॅक्रिफाइस फ्लाय मारतो: स्वतः बाद होतो, तिसऱ्या बेसवरचा गडी धाव पुरी करतो. नियमाप्रमाणे असा फटका बॅटरच्या 'ॲट बॅट'मध्ये, म्हणजे हिशेबात धरल्या जाणाऱ्या पाळ्यांत, मोजतच नाहीत! म्हणजे माणसाची हौस भागली आणि हिशेबाची वही कोरीच राहिली. एवढा संयम पटकथेत क्वचित दिसतो. रडू तिथून साचायला लागतं. बाप तर नंतर येतो.

दुरुस्ती करताना काय झाकलं गेलं, तेही लिही. आयोवातल्या त्या मक्यातून बाहेर येणारे खेळाडू सगळे गोरे. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू उतरेपर्यंत विसाव्या शतकातल्या मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या बेसबॉलमध्ये, कृष्णवर्णीयांना जागाच नव्हती. आणि त्या काळाचे गोडवे गाणारं भाषण दिलंय कृष्णवर्णीय लेखकाच्या तोंडी! ती भूमिका करणाऱ्या जेम्स अर्ल जोन्सचा आवाज असा की ही गोष्ट ध्यानातच येत नाही. बायकांच्या बेसबॉलवरच्या १९९२ च्या 'अ लीग ऑफ देअर ओन'मध्ये निदान काही सेकंद तरी कॅमेरा थांबतो: एक कृष्णवर्णीय बाई लांब गेलेला चेंडू उचलून असा सणसणीत परत फेकते की झेलणारीचा हात झिणझिणतो. बस्, तेवढंच, संघात तिला कुणी घेत नाही.

मात्र हे कळलं म्हणून आलेल्या रडण्याची लाज बाळगू नकोस. दोन्ही एकाच लेखात राहू देत.

आता 'बुल डरहम' हा बेसबॉलचाच सिनेमा बघ. दिग्दर्शक रॉन शेल्टन स्वतः मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळीवर, खेळलेला, त्यामुळे तिथे भुतं नाहीत, बसचे प्रवास आहेत. मग ग्रॅहमवरचा परिच्छेद आधी लिहून पाठव. प्रस्तावना मागाहून बघू.

सस्नेह आशीर्वाद.