जुन्या घरातल्या भिंतीतली वायरिंग कशी शोधायची आणि दुसरीकडून कशी न्यायची?

घर धाब्याचं, दगडमातीचं. स्वयंपाकघर आणि ओसरीमधली भिंत पाडायचीय आणि आतल्या वायरी कुठून कुठं गेल्यात हे घरात कुणालाच सांगता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी वायरमन आहे. अंबाजोगाई-परळीकडं अशी घरं माझ्या रोजच्या कामातली.

आधी इन्व्हर्टर बघा. मेन पाडली की लोक निर्धास्त होतात, पण मेन गेली की इन्व्हर्टर सुरू होतो आणि भिंतीतल्या काही वायरींत तेव्हाही २३० व्होल्ट असतात. तो बंद करून त्याची आउटपुट वायर सोडवून घ्या, मगच छिन्नीला हात लावा. मेन आणि इन्व्हर्टरची जोडणी परवानाधारक माणसाकडूनच सोडवा.

शोधायची रीत सोपी आहे, वेळखाऊ मात्र आहे. सगळे दिवे-पंखे चालू ठेवायचे, प्लगांत एखादा दिवा लावायचा, एकेक किटकॅट (बोर्डावरचा चिनी मातीचा फ्यूज) काढायचा आणि घरभर फिरून काय बंद पडलं ते बोर्डाशेजारी खडूनं लिहायचं. जुन्या बोर्डांवर न्यूट्रललाही, म्हणजे परतीच्या वायरलाही, फ्यूज असायचा. तो काढला तरी दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत फेज, म्हणजे करंट, तसाच असतो. म्हणून विझलेल्या दिव्यावर विसंबू नका. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये पेटतोय ना ते बघा आणि मग प्रत्येक टोक तपासा. कुठली वायर कुठं निघते हे बघायला सगळा पुरवठा बंद करून दोन्ही टोकं सुटी करायची, एका टोकाला जोडी पिळायची आणि दुसरीकडं मल्टिमीटर बीपवर लावायचा. वायरी ज्यातून नेल्यात त्या लाकडी पट्टीवर गिलावा झालेला असेल तर बोटानं ठोकल्यावर पोकळ आवाज येतो.

सापडलेली वायर वाचवायच्या भानगडीत मात्र पडू नका. जुन्या वायरीवरचं रबर वाकवलं की त्याचा भुगा होतो. वायर ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याशी दिलेला जॉइंट ढिला पडून तापतो. जुनी लाइन दोन्ही टोकांना तोडून मेलेली सोडा आणि मेन बोर्डापासून नवीन तांब्याची ओढा: दिव्यांना १.५, प्लगांना २.५, गिझरला ४ चौरस मिमी. दगडमातीच्या भिंतीत कटरनं आडवी खाच मारू नका, भिंत कमजोर होते. माळवदाच्या मातीतूनही पाइप नेऊ नका, पावसाळ्यात ती ओल धरते. तुळईच्या कडेनं पीव्हीसी केसिंग पट्टी न्या. घरातले नाकं मुरडतील, मुरडू द्या. पुढं कधी बिघडलं तर झाकण उघडलं की काम होतं.

नवीन लाइनला अर्थिंगची तिसरी वायर हवीच, कारण जुन्या दोन-तारी कामात ती नसते आणि उन्हाळ्यात ओल्या फरशीवर पत्र्याचा कूलर ठेवायची आपल्याकडं सवयच आहे. काळी माती एप्रिल-मेमध्ये सुकून भेगाळते, अर्थिंगचा रोध वाढतो. तेव्हा खड्ड्यात पाणी टाकत राहा. मेनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच. ती बसवल्यावर दिवा लावताच पडायला लागली, तर बहुधा जुन्या लाइनचा न्यूट्रल आरसीसीबीतून न जाता बाहेरूनच जोडलेला किंवा अर्थिंगला टेकलेला निघेल. कुणी 'ती काढून टाकू, कटकट मिटेल' म्हणालं तर ऐकू नका, तो न्यूट्रल शोधून काढायला लावा.