वाचकांचे प्रश्न : हॉटेलचं बिल, पार्सल आणि हातातला फोन

मिसळ खाऊन क्यूआरवर १८० रुपये भरले. खात्यातून पैसे गेले, पण गल्ल्यावरचा साउंडबॉक्स बोललाच नाही. शेवटी रोख दिले. पहिले पैसे परत मिळतील का? – एक वाचक, नाशिक

आधी ॲपमध्ये तो व्यवहार उघडून काय शेरा आहे ते पाहा. सगळं त्यावर अवलंबून आहे.

'फेल्ड' असेल तर फार धावपळ नको. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला केलेला यूपीआय व्यवहार फसला, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. 'पेंडिंग' असेल तर थांबा, त्याचं पुढे 'सक्सेस' किंवा 'फेल्ड' होतं.

'सक्सेस' असेल तर पैसे कुणाच्या तरी खात्यात पोचलेत, आणि ते आपोआप परत येणार नाहीत. अशा वेळी बॉक्सवर विसंबू नये. त्यात वेगळं सिमकार्ड असतं. रेंज गेली किंवा चार्जिंग संपलं की तो गप्प बसतो, पैसे मात्र जमा झालेले असतात. मालकांना त्यांच्या ॲपमधली जमा यादी उघडायला सांगा आणि तुमच्या व्यवहारावरचा १२ अंकी यूटीआर क्रमांक जुळवा. जुळला तर रोख घेतलेले १८० ते तिथल्या तिथे परत देतील.

जुळला नाही, आणि पैसे ज्या नावावर गेले ते नाव मालकांनी कधी ऐकलेलंच नसेल, तर कुणीतरी मूळ क्यूआरवर आपला स्टिकर चिकटवला असण्याची दाट शक्यता आहे. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, बँकेलाही कळवा. (मालकांना म्हणावं, रोज दुकान उघडताना स्टिकरच्या कडेवर एकदा नख फिरवा.) बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव येतं. ते मोठ्याने वाचून 'हेच ना?' असं विचारा आणि मगच पिन टाका.

बिलात 'सर्व्हिस चार्ज १० टक्के' लावला होता. द्यावाच लागतो का? – एक वाचक, ठाणे

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली : हा आकार बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाखालीही घ्यायचा नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. खूश होऊन टिप ठेवायची असेल तर ती तुमची मर्जी.

त्यात आणखी एक मेख असते. समजा पदार्थ ६४० रुपयांचे. त्यावर सर्व्हिस चार्ज ६४, मग ७०४ वर पाच टक्के जीएसटी ३५ रुपये २० पैसे. एकूण ७३९ रुपये २० पैसे. चार्ज काढला तर कर ३२ आणि बिल ६७२. म्हणजे ६४ वाटतात, जातात ६७ रुपये २० पैसे. म्हणून नुसता चार्ज वजा करून घेऊ नका, बिलच नवीन काढायला लावा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

बिल हातात आहेच तर जीएसटी क्रमांकही पाहा. तो १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. क्रमांकच नसेल, किंवा 'कंपोझिशन' (छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या) योजनेतलं हॉटेल असेल, तर वेगळा जीएसटी लावताच येत नाही. छोट्या खानावळींत ही चूक बऱ्याचदा अजाणतेपणी होते. नीट सांगितलं तर दुरुस्त होते.

पाण्याच्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेतले. तक्रार करू का? – एक वाचक, पुणे

टेबलावर बसून घेतली असेल तर उपयोग होणार नाही. हॉटेल नुसती बाटली विकत नाही, सेवाही देतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलंय. पण साधं पिण्याचं पाणी मागा की!

मिसळ आणि डोसा घरी पोचेपर्यंत लगदा होतो. उपाय? – एक वाचक, कोल्हापूर

दोन्हींचा शत्रू वाफ. मिसळीची उसळ, कट, फरसाण आणि कांदा-लिंबू चारही वेगळं बांधून घ्या. घरी उसळ आणि कट एकत्र करून खळखळून उकळी आणा, वाटीत ओता आणि फरसाण ताटावर बसल्यावरच घाला. आधी घातलं की दोन मिनिटांत तेल-पाणी पिऊन फुगतं.

डोशाचं झाकण लगेच लावलं की वाफेचं पाणी होऊन परत त्याच्यावरच ठिबकतं. झाकण अर्धवट उघडं ठेवून आणा. घरी तेल न घालता मध्यम आचेवर कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये तो चिवट होतो. खोबऱ्याची चटणी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, उन्हाळ्यात तर तासाभरातच संपवावी.

आणि वडा वर्तमानपत्रात बांधून देत असतील तर नको म्हणा. गरम तेलात शाई उतरते; अन्नसुरक्षा नियमांतही छापील कागदाला मनाई आहे.

कॅफेचं वायफाय जोडलं जातं, पण ओटीपीचं पानच उघडत नाही. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

राउटर तुमची पहिली विनंती अडवून तिथे स्वतःचं पान दाखवतो. 'एचटीटीपीएस' (कुलूपबंद, सुरक्षित) पत्त्यावर त्याला हे जमत नाही, म्हणून ब्राउझर इशारा देतो किंवा नुसतं गरगरत राहतं. व्हीपीएन बंद करा. अँड्रॉइडवर नेटवर्क सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'ला स्वतःचा पत्ता दिला असेल तर तो तात्पुरता 'ऑफ' करा. मग ब्राउझरमध्ये 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' हा पत्ता इंग्रजीत टाका. तो साध्या एचटीटीपीवर चालतो, त्यामुळे लॉगिनचं पान पुढे येतं. तरीही नाहीच आलं तर ते नेटवर्क 'फरगेट' करून पुन्हा जोडा. काम झालं की डीएनएस पूर्ववत करायला विसरू नका.