डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे इतके सदस्य बदलले, मग खरं डीप पर्पल कोणतं? गिटारिस्ट ब्लॅकमोर गेल्यानंतरचं ऐकावं का?

ऐकावं. प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं, कारण आमच्या घरात हे भांडण तीस वर्षं चालू आहे.

माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. 'मेड इन जपान' हे त्यांचं लाइव्ह रेकॉर्डिंग मी पहिल्यांदा ऐकलं ते त्याने नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेलं. आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेनने पाच नावं लिहिलेली: गिलन, ब्लॅकमोर, ग्लोव्हर, लॉर्ड, पेस. ब्लॅकमोरच्या नावाखाली दोन रेघा, दुसरी इतकी दाबून मारलेली की कार्ड मागून उमटलं होतं.

१९९५ च्या एप्रिलमध्ये पर्पल मुंबईत आलं. दादाने दोन तिकिटं काढली. मग कोणीतरी त्याला सांगितलं की ब्लॅकमोर १९९३ मध्येच दौरा अर्धा टाकून निघून गेलाय, मध्ये काही महिने गिटारिस्ट जो सॅट्रिआनीने वेळ निभावून नेली आणि आता गिटार स्टीव्ह मॉर्स वाजवतो. दादाने त्याचं तिकीट ऑफिसात अर्ध्या किमतीत विकून टाकलं. "मूर्तीच नाही, तर आरती कोणाची करायची?" मी एकटा लोकलने गेलो. रात्री घसा बसवून परत आलो तर हा दारातच उभा. "पाहून आलास नकली पर्पल?"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता देतो.

नकली पर्पल झालं होतं, पण १९८० मध्ये. बँड तेव्हा बंद होता. पहिला गायक रॉड इव्हान्स चार अनोळखी वादकांना घेऊन अमेरिकेत त्याच नावाने कार्यक्रम करत सुटला. लोकांनी गोंधळ घातला, प्रकरण कोर्टात गेलं आणि ६,७२,००० डॉलरची भरपाई बसली. नकली म्हणतात ते याला.

मी पाहिलं त्या रात्री स्टेजवर कार्डावरच्या पाचपैकी चार जण होते. दादा ज्या १९७४ च्या 'बर्न' अल्बमवर जीव टाकतो, त्यात पाचपैकी तीनच आहेत. गिलन-ग्लोव्हर जाऊन कव्हरडेल आणि ह्यूज आलेले. म्हणजे तीनवालं खरं आणि चारवालं नकली? आणि १९९० चा अल्बम घ्या, गायक होता जो लिन टर्नर. त्यात ब्लॅकमोर आहे की! दादाने तो दोन गाण्यांनंतर बंद केला, मी समोर बसलो होतो.

मुळात हा बँड ज्याच्या डोक्यातून निघाला त्या ख्रिस कर्टिसने त्यात कधी वाजवलंच नाही. त्याने नाव ठेवलं होतं 'राउंडअबाउट', जत्रेतल्या फिरत्या घोड्यांसारखं: हवं त्याने चढावं, हवं तेव्हा उतरावं. तो स्वतःच आधी उतरला. पुढे १९६९ मध्ये गिलन आणि ग्लोव्हरला गुपचूप घेऊन तालमी सुरू झाल्या, तेव्हा इव्हान्स आणि बेसिस्ट सिम्पर याच बँडमधून कार्यक्रम करत होते. त्यांना पत्ताही नव्हता. हे करणाऱ्यांत ब्लॅकमोर होता, हे दादा सोयीस्कर विसरतो.

पहिल्या दिवसापासून आजपर्यंत प्रत्येक संचात असलेला माणूस एकच, ड्रमर इयन पेस. मूर्ती हवीच असेल तर तिथे फुलं वाहा.

आता तुमचं. 'इन रॉक', 'मशीन हेड', 'मेड इन जपान', मग 'बर्न', मग १९८४ चं 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'. १९६८-६९ चे पहिले तीन अल्बम सवडीने ऐका, वेगळाच बँड वाटेल. मॉर्सचं 'पर्पेंडिक्युलर' मात्र कोणी नको म्हटलं तरी ऐका.

एक कबूल करतो. 'चाइल्ड इन टाइम' या गाण्यात ब्लॅकमोर जे करतो ते मॉर्सच्या हातून येत नाही. मॉर्स सफाईदार, ब्लॅकमोर धोकादायक. आणि मी त्या रात्री एकोणीस वर्षांचा होतो, स्टेजपासून इतका लांब की लॉर्डचे फक्त पांढरे केस दिसत होते. तेव्हा माझी साक्ष बेताचीच धरा.

त्या मुंबईच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण 'बॉम्बे कॉलिंग' नावाने मिळतं. गेल्या दिवाळीत दादाला लिंक पाठवली. दोन निळ्या टिक्स आल्यात, उत्तर नाही.