संस्थेच्या नावाने काढलेलं विकिपीडियाचं खातं बंद झालं. नाव बदललं की काम होईल का?

अर्धंच होईल. इंग्रजी विकिपीडियावर तुम्ही ट्रस्टच्या नावाने खातं काढलंत, ट्रस्टवरच्याच लेखात भर घातलीत आणि बंदी आली, असं तुम्ही लिहिलंय. यात दोन वेगळे नियम आहेत. नाव बदलून त्यातला एकच सुटतो.

पहिला नियम नावाचा. तिथे एक खातं म्हणजे एक माणूस. संस्थेचं नाव दिसलं की पासवर्ड ऑफिसात कोणाकोणाकडे आहे हे कळत नाही. आज तुम्ही, उद्या तुमच्या जागी आलेलं कोणीतरी. पानाच्या इतिहासातल्या प्रत्येक बदलामागे एकच माणूस उभा असावा, एवढीच अपेक्षा आहे. म्हणून नुसतं 'अमुक ट्रस्ट' चालत नाही, पण 'अमुक ट्रस्टमधील सुनीता' चालतं. जर्मन विकिपीडियावर मात्र पडताळणी करून संस्थेच्या नावाचं खातं ठेवता येतं. नवं खातं काढण्याआधी बंदीची सूचना नीट वाचा. काही बंद्या फक्त खात्याच्या नावामुळे आलेल्या असतात, तिथे नवं खातं काढायची मोकळीक असते. मजकूर जाहिरातीसारखा वाटला असेल तर आधी जुन्याच खात्याच्या चर्चा पानावर (इतरांशी बोलायचं पान) बंदी उठवण्याची विनंती करावी लागते. ती न करता दुसरं खातं काढणं म्हणजे बंदी चुकवणं.

दुसरा नियम हितसंबंधांचा, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. नाव सुनीता झालं तरी पगार ट्रस्टचाच. बरेच जण इथे साधंसं नाव घेऊन ओळख लपवतात, आणि त्याने वाचकाची खरी फसवणूक होते. 2015 मध्ये इंग्रजी विकिपीडियाने अशी एकमेकांशी जोडलेली 381 खाती एका फटक्यात बंद केली. ती टोळी छोटे व्यावसायिक आणि कलाकारांकडून लेखांसाठी पैसे मागत होती. त्याच्या आदल्या वर्षी, जून 2014 मध्ये, वापराच्या अटींतच कलम आलं होतं: मोबदला घेऊन संपादन करत असाल तर कोणासाठी, हे जाहीर करा. संपादन नोकरीचा भाग असेल तर पगारही मोबदलाच.

तेव्हा सदस्य पानावर, म्हणजे तुमच्या खात्याच्या ओळखीच्या पानावर, सरळ लिहा की मी या ट्रस्टमध्ये नोकरीला आहे. लेखाला हात लावू नका. काय बदलायचं ते लेखाच्या चर्चा पानावर, संपादन-विनंतीचा साचा (विनंतीचा तयार नमुना) लावून मांडा. सोबत वर्तमानपत्रातली बातमी किंवा पुस्तक, असा ट्रस्टबाहेरचा संदर्भ द्या. वार्षिक अहवालातून स्थापनेचं साल घेता येतं, पण 'कार्य मोलाचं आहे' हे घेता येत नाही. शुद्धलेखनाची चूक किंवा उघड खोडसाळपणा असेल तर तो स्वतः काढायला हरकत नाही. उत्तर यायला कधी आठवडे लागतात, कारण पलीकडे बसलेलेही स्वयंसेवकच आहेत. विनंती छोटी आणि नेमकी असेल तर ती लवकर मार्गी लागते.