आधी जेटी, मग जीपीएस

प्रश्न : मी रोज नऊ किलोमीटर सायकलने कॉलेजला जाते. दोन मैत्रिणींनी जीपीएसवाले सायकल कॉम्प्युटर (हँडलवर लावायची, रस्ता दाखवणारी यंत्रं) घेतलेत. मीही घेऊ का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नको. तुझा रोजचा रस्ता एव्हाना सायकललाही पाठ झाला असेल. त्या पैशांत चांगला मागचा लाल दिवा, हेल्मेट आणि पंक्चरचं सामान घे. उरलेल्याची मिसळ खा.

प्रश्न : ताई, मी बँकेतून निवृत्त झालोय, वय एकसष्ट. आम्ही तिघे मित्र डिसेंबरात रेवस ते रेडी सागरी मार्गाने सायकलवर जाणार आहोत, रोज साठ-सत्तर किलोमीटर. मुलगा म्हणतो, रस्ता बघायला फोन असताना सायकलचं वेगळं जीपीएस यंत्र कशाला? सायकलच्या गटातले म्हणतात, सगळ्यात महागाचं घ्या. पुतण्या अमेरिकेहून येतोय, तो म्हणतो तिकडूनच आणतो, शिवाय उपग्रहावरून मदत मागता येईल असं आणखी एक यंत्र देतो. नक्की काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलाचं अर्धं बरोबर आहे. फोन हवाच, पण पिशवीत. नेटवर्क जातं म्हणून नव्हे. नकाशा आधी उतरवून घेतला तर फोन नेटवर्कशिवायही रस्ता दाखवतो. अडचण वेगळी आहे. कोकणातल्या दुपारी फोनची स्क्रीन दिसावी म्हणून उजेड पूर्ण वाढवावा लागतो, मग फोन तापतो आणि बॅटरी बघता बघता उतरते. घामेजलेलं बोट तो ओळखत नाही. सतत हादरे बसून काही फोनचे कॅमेरे बिघडतात, ते वेगळंच. आणि संध्याकाळी मुक्कामाच्या घरमालकाला ‘जेवणाला तिघे आहोत’ हे कळवायला फोन जिवंत लागतो. सायकलच्या बहुतेक यंत्रांची स्क्रीन ऊन जितकं कडक तितकी स्वच्छ दिसते.

आता कुठलं घ्यायचं. कंपनीचं नाव शेवटी विचारा. दुकानात पहिला प्रश्न हा : आत नकाशा आहे, की नुसती रेघ?

हा फरक मला केळशी आणि आंजर्ल्याच्या मध्ये कळला. माझ्याकडे तेव्हा रेघवालं यंत्र होतं. पांढऱ्या पडद्यावर एक काळी रेघ, त्यावर मी म्हणजे एक बाण. आड्याच्या अलीकडे रस्ता फुटला. दोन्ही फाटे एकमेकांना चिकटून निघालेले, रेघेवरून काही उमगेना. मी उताराचा फाटा धरला (उतार दिसला की माणूस धरतोच). यंत्र ‘मार्ग सोडला’ म्हणून कोकललं, पण तोवर मी पार खाली माडांच्या वाडीत पोचले होते. अंगणात सुपाऱ्या वाळत घालणाऱ्या आजी म्हणाल्या, “म्होरं रस्ता नाय बाय, होड्या हायत.” सामानासकट सायकल ढकलत वर आले. नुसती रेघ तुम्ही चुकलात एवढंच सांगते, तेही चुकल्यावर. नकाशा असता तर तो फाटा समुद्राशी संपतोय हे मला वरूनच दिसलं असतं.

म्हणून गार्मिनचं एज 130 प्लस तुमच्यासाठी नाही. यंत्र सुटसुटीत आहे, पण त्यात रेघच. एज 540 मध्ये नकाशा आहे. आयजीपीस्पोर्टच्या बीएससी 300 मध्येही आहे, आणि गार्मिनइतके पैसे मोजायचे नसतील तर तेही जरूर बघा. दोन्ही बटणांवर चालतात, हे मला महत्त्वाचं वाटतं. एज एक्स्प्लोर 2 चा पडदा मोठा आणि छान आहे, चष्मा लागत असेल तर मोह होईल, पण त्याचं बरंचसं काम बोटाने पडद्यावर चालतं. हातमोजे घालून, खड्ड्यातून जाताना बटण बरं. अर्थात हे माझं मत. माझ्याच घरात यावर एकमत नाही.

बॅटरीसाठी जादा पैसे घालू नका. एज 540 भरपूर वापरातही 26 तासांपर्यंत चालतं असं कंपनी सांगते. तुम्ही दिवसाला सहा-सात तास सायकल चालवणार आणि रात्री खोलीत प्लग असणार. 600 किलोमीटरची बीआरएम (ठरल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) 40 तासांत संपवणाऱ्यांनी बॅटरीची चिंता करावी.

त्यापेक्षा पुढचा चढ दाखवणारी सोय बघा. लोकांना वाटतं किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट. अहो, खाडी आली की उतार आणि खाडी ओलांडली की थेट सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढ, हेच दिवसभर. चढ अजून किती उरलाय आणि पुढे किती तिखट आहे हे दिसलं की गिअर आणि जीव दोन्ही वाचतात. चढाची उंची यंत्र हवेच्या दाबावरून मोजतं; त्यासाठीच्या बारीक भोकात पाणी गेलं की आकडे वेड्यासारखे फिरतात. डिसेंबरात तो त्रास नाही, धुताना तेवढं जपा.

आणि जेट्या. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड : चार वेळा तुम्ही फेरीबोटीत बसणार. काही यंत्रांत फेरी टाळण्याची सेटिंग असते. ती चालू राहिली तर दाभोळच्या धक्क्यावर, समोर धोपावे दिसत असताना, यंत्र तुम्हाला चिपळूणच्या बाजूने खाडीला वळसा घालायला पाठवेल. माझी पद्धत अशी : घरी संगणकावर मार्ग आखायचा, प्रत्येक जेटीशी तोडायचा आणि तुकड्यांच्या वेगळ्या जीपीएक्स फाइली (आखलेला मार्ग साठवणाऱ्या फाइली) यंत्रात भरायच्या. यंत्राने आपणहून नवा मार्ग काढण्याची सोय बंद ठेवायची. बोटीत चढलं की नोंद थांबवायची, नाहीतर इंजिनाने कापलेलं अंतर तुमच्या पायांच्या नावावर जमा होतं. अशी बढाई मारणारे माझ्या ओळखीत आहेत.

पुतण्याने सायकलचं यंत्र आणायला हरकत नाही. वॉरंटी इथे चालेल का ते आधी विचारा, आणि भारताचा नकाशा त्यात आहे ना हे निघायच्या आधी घरी वायफायवर तपासा. तिकडच्या यंत्रात तिकडचा नकाशा भरलेला असतो.

ते दुसरं यंत्र मात्र नकोच म्हणा. जीपीएस उपग्रहाचं फक्त ऐकतो, हे यंत्र उपग्रहाशी बोलतं. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय जवळ बाळगणं भारतात गुन्हा आहे. 2024च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रापायी एक परदेशी पाहुणी अडकल्याची बातमी होती. पुतण्याला आजच फोन करा, सामान बांधून झाल्यावर नको.

शेवटचं, दहा रुपयांचं. यंत्राला एक मजबूत दोरी बांधून ती हँडलला अडकवा. बोटीत सायकली एकमेकींवर रेलून उभ्या असतात, कुणाचा तरी धक्का लागतो आणि यंत्र हँडलला धरून ठेवणारा माउंट सुटतो. ते रेघवालं यंत्र मी विकलं का, असं बरेच जण विचारतात. ते दाभोळच्या खाडीत आहे.