वाचकांचे प्रश्न : परक्या वाद्यांवर आपला ठेका

गेल्या अंकात आफ्रिकेतील लोकप्रिय संगीताची ओळख करून देणारा एक छोटा लेख आम्ही छापला होता. त्यावर वऱ्हाडातून आणि झाडीपट्टीतून बरीच पत्रे आली. पत्रलेखकांनी आपल्या गावाकडे, आपल्या कामाकडे पाहत प्रश्न विचारले आहेत, याचा विशेष आनंद वाटला. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी झाडीपट्टीच्या नाटक मंडळीत ऑर्गन वाजवतो. धान कापून झाले की मंडईच्या जत्रेपासून आमचा हंगाम सुरू होतो. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आल्यापासून जुने ठेके मागे पडले, अशी खंत जुनी मंडळी बोलून दाखवतात. आफ्रिकेतही गिटार आणि ट्रम्पेट बाहेरूनच आले. मग तेथील संगीत आफ्रिकेचे कसे राहिले? (एक वाचक, देसाईगंज-वडसा परिसर, जि. गडचिरोली)

उत्तर : आपण विचारलेल्या गोष्टीचा सर्वांत स्पष्ट उलगडा झिम्बाब्वेचे गायक थॉमस मापफुमो यांच्या वाटचालीत होतो. १९४५ साली जन्मलेले मापफुमो लहानपणी आजी-आजोबांजवळ खेड्यात वाढले आणि शहरात आल्यावर त्या काळच्या इतर तरुणांप्रमाणे एल्विस प्रेस्ली आणि बीटल्स यांची इंग्रजी गाणी म्हणू लागले. त्या वेळी देशाचे नाव ऱ्होडेशिया होते, सत्ता मूठभर गोऱ्यांच्या हाती होती आणि शोना लोकांच्या म्बिरा या वाद्याला मिशनऱ्यांनी सैतानाचे वाद्य ठरवले होते. म्बिरा म्हणजे लाकडी फळीवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. त्या अंगठ्यांनी आणि तर्जनीने छेडतात, आवाज घुमावा म्हणून वाद्य पोकळ भोपळ्यात धरतात आणि रात्रभर चालणाऱ्या विधीत ते वाजवून पूर्वजांच्या आत्म्यांना बोलावतात.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला म्हांगुरा येथील तांब्याच्या खाणीवर कामगारांच्या करमणुकीसाठी एक वाद्यवृंद होता आणि मापफुमो त्यात गात असत. तेथे ते आणि गिटारवादक जोशुआ डुबे म्बिराच्या चाली गिटारीवर बसवू लागले. गिटारीची तार मोकळी सोडली तर नाद लांबत जातो आणि म्बिराचा तुटक, टपटपणारा स्वर हरवतो. त्यामुळे तळहाताची कड तारांवर टेकवून त्या दाबून वाजवल्या जाऊ लागल्या, आणि म्बिराच्या साथीला खुळखुळ्याचा जो ठेका असतो तो ड्रमवाल्याने झांजेवर घेतला. खेड्यातून आलेल्या श्रोत्याला विजेच्या वाद्यांतून आपल्या घरचा विधी ऐकू येऊ लागला. देशात मुक्तियुद्ध पेटलेले असताना शोना भाषेतील ही गाणी सत्तेला खुपली आणि मापफुमो यांना खटला न चालवताच तुरुंगात डांबण्यात आले. १९८० साली देश स्वतंत्र झाला. पुढे नव्या राज्यकर्त्यांच्या भ्रष्टाचारावरही त्यांनी तितक्याच रोखठोकपणे गाणी रचली आणि २००० सालाच्या सुमारास त्यांना अमेरिकेचा आसरा घ्यावा लागला.

काँगोची वाट निराळी आहे. गुलाम म्हणून जहाजांत भरून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी क्यूबात जे ताल जपले, ते १९३० च्या दशकापासून क्यूबन ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने काँगोत परतले आणि तेथील लोकांना ते परके वाटले नाहीत. १९३८ साली जन्मलेले फ्रँको लुआम्बो मकियादी लहानपणी स्वतः बनवलेली गिटार वाजवून आईच्या दुकानाकडे गिऱ्हाईक ओढत असत. त्यांची आई बाजारात पिठाचे तळलेले गोळे विकायची. १९५६ साली आजच्या किन्शासा शहरात ओके जाझ हा वाद्यवृंद सुरू झाला आणि १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत फ्रँको त्याचे प्राण होते. त्यांनी क्यूबन गाण्यांतले स्पॅनिश शब्द सोडून तेथील लिंगाला भाषेत बाजारातली भांडणे, नवरा-बायकोतली कुरबुर, उधारी, फसवणूक यांवर गाणी रचली. गाण्याचा शाब्दिक भाग संपला की गिटारी एकमेकींत गुंफून नाचासाठी लय चढवतात, त्या भागाला सेबेने म्हणतात, आणि तो रंगवण्यात फ्रँको यांचा हात धरणारे थोडेच होते. हुकूमशहा मोबुटू यांच्या प्रचारासाठीही त्यांनी गाणे केले, हे मात्र त्यांच्या चाहत्यांनी झाकून ठेवू नये. १९७८ साली अश्लील ठरवलेल्या गाण्यांवरून त्याच राजवटीने त्यांना तुरुंगातही टाकले होते.

आपल्या मंडळीपुरते सांगायचे तर ऑक्टोपॅड दोषी नाही. त्यात कारखान्याने भरून दिलेला ठेकाच वाजत राहिला तर जुना ठेका जाईल. दंडार या आपल्या लोकनाट्याचे ठेके ज्यांच्या हातात आहेत त्या जुन्या ढोलकीवाल्यांना तालमीत ऑक्टोपॅडवाल्या मुलाशेजारी बसवावे आणि म्हांगुराच्या खाणीवर झाले तसे एकेक ठेका त्याच्या हातात उतरेपर्यंत थांबावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझे वडील कोळसा खाणीत कामाला होते. आफ्रिकेतील खाणकामगारांची गाणी आहेत काय? (एक वाचक, वणी परिसर, जि. यवतमाळ)

उत्तर : दक्षिण आफ्रिकेचे आधुनिक संगीत खाणी वगळून सांगताच येत नाही. ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला यांचा जन्म १९३९ साली विटबँक या कोळसा खाणींच्या गावात झाला आणि त्यांची आजी खाणकामगारांसाठी चोरून दारूचा गुत्ता चालवत असे. त्यामुळे देशोदेशीच्या मजुरांचे हाल आणि आठवणी त्यांनी लहानपणापासून ऐकल्या होत्या. १९७४ साली ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या ‘स्टिमेला’ या गीतात मलावी, झाम्बिया, अंगोला, मोझांबिक, लेसोथो अशा मुलखांतून जोहान्सबर्गच्या खाणींकडे माणसे भरून आणणाऱ्या आगगाडीचे वर्णन आहे. इंजिनाची धाप आणि शिटी ते गळ्यातूनच काढतात. ज्याच्या घरातला माणूस पाळीवर जातो त्याला हे गीत भाषा न कळताही समजेल.

त्या मजुरांना कुटुंबापासून दूर, पुरुषांच्या वसतिगृहांत ठेवले जाई. रखवालदारांना आवाज जाऊ नये म्हणून चवड्यांवर हलकी पावले टाकत, वाद्यांशिवाय, अनेक गळ्यांनी मिळून गाण्याची इसिकाथामिया ही रीत तेथे रुजली. शेतावरून कारखान्यात आलेल्या जोसेफ शाबालाला यांच्या लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो या संचाने ती जगभर नेली.

याच परंपरेच्या आरंभी सॉलोमन लिंडा यांचे नाव येते. १९३९ साली त्यांनी ‘म्बुबे’ हे झुलू गाणे ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे हक्क केवळ दहा शिलिंगांना गेले. अमेरिकेत त्याच चालीवरचे गाणे १९६१ साली पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि पुढे ते डिस्नेच्या चित्रपटातही वाजले. लिंडा मात्र १९६२ साली गरिबीतच वारले. त्यांच्या वारसांना न्यायालयीन लढ्यानंतर २००६ साली तडजोडीने वाटा मिळाला. आपल्याकडे भजनी मंडळे आणि शाहीर आता गावोगावी ध्वनिमुद्रण करून देत आहेत. कागदावर सही करण्यापूर्वी तो कोणाकडून तरी नीट वाचून घ्यावा, एवढी विनंती या निमित्ताने करतो.

प्रश्न : लेखात सगळे पुरुषच होते. स्त्रियांनी काही घडवले नाही काय? (एक विद्यार्थिनी, तिवसा तालुका, जि. अमरावती)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. झांझिबार बेटावरील गायिका सिती बिंती साद यांच्यापासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण त्यांचा संबंध आपल्या मुंबईशी आहे. गुलामगिरीतून आलेल्या कुटुंबात जन्मलेल्या सिती तरुणपणी मातीची भांडी विकत असत. ताराब हे तेथील दरबारी वळणाचे संगीत अरबी भाषेत गायले जाई. ते त्यांनी सर्वसामान्यांच्या स्वाहिली भाषेत आणले आणि १९२८ साली आपल्या साथीदारांसह समुद्र ओलांडून मुंबईत येऊन ध्वनिमुद्रिका केल्या. पूर्व आफ्रिकेतील संगीताच्या आरंभीच्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणांमध्ये त्यांची गणना होते. स्त्रियांवरील अत्याचार आणि न्यायालयांचा पक्षपात हे विषय त्यांनी गाण्यात आणले.

दक्षिण आफ्रिकेच्या गायिका मिरियम मकेबा यांचे नाव अधिक परिचित आहे. १९३२ साली जोहान्सबर्ग येथे त्यांचा जन्म झाला आणि त्या अवघ्या अठरा दिवसांच्या असताना घरगुती दारू गाळल्याबद्दल त्यांच्या आईला शिक्षा झाली, तेव्हा हे तान्हे मूलही आईबरोबर तुरुंगात होते. १९६० साली आई वारली. अमेरिकेत असलेल्या मकेबा अंत्यविधीसाठी निघाल्या, तेव्हा सरकारने त्यांचा पासपोर्ट रद्द केल्याचे त्यांना कळले. १९६३ साली त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध साक्ष दिली, त्यानंतर मायदेशात त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवरही बंदी आली. १९९० साली त्या परतल्या. २००८ च्या नोव्हेंबरात इटलीमध्ये, माफियाच्या धमक्यांना न जुमानणाऱ्या एका लेखकाच्या पाठिंब्यासाठी गाऊन झाल्यावर त्यांचे निधन झाले.

प्रश्न : यांच्यापैकी कोणी शेतकरी होता काय? आणि आपल्यासारखी गाणे-वाजवणे एका जातीकडे सोपवण्याची रीत तिकडेही आहे काय? (एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : दोन्ही प्रश्नांना माली हा देश उत्तर देतो. तेथे राजघराण्यांच्या वंशावळी आणि पराक्रम गाणे हे जेली नावाच्या वंशपरंपरागत समाजाचे काम आहे आणि उच्च कुळातील माणसाने गाणे कमीपणाचे मानले जाते. सालिफ कैता १९४९ साली जन्मले, ते माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता याच्या वंशात. शिवाय अंगात जन्मतः रंगद्रव्य नसल्याने त्यांची कातडी गोरी होती आणि अशा मुलांना तेथे अपशकुनी समजत. घरच्यांचा रोष पत्करून ते गायक झाले. १९७० साली बामाकोच्या रेल्वे स्थानकातील हॉटेलात वाजवणाऱ्या रेल बँड या संचात त्यांना जागा मिळाली आणि १९८७ च्या ‘सोरो’ या अल्बमने त्यांना जगापुढे आणले.

शेतकरी म्हणाल तर अली फार्का तुरे. नायजर नदीकाठचे नियाफुंके हे त्यांचे गाव. तेही गाणाऱ्यांच्या समाजातले नव्हते. १९९४ साली अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्यासह केलेल्या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तरी ते स्वतःला शेतकरीच म्हणवत आणि गाण्याचे पैसे गावच्या ओलितावर खर्च करत. १९९९ सालच्या अल्बमसाठी त्यांनी ध्वनिमुद्रणाचे साहित्यच गावात आणवले. २००४ साली ते नियाफुंकेचे महापौर झाले आणि २००६ साली वारले.

प्रश्न : सरकार गाण्याला खरेच एवढे घाबरते काय? (एक वाचक, चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : १९४२ साली तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी आपले गाव आणि आष्टी पेटून उठले आणि इंग्रजांनी महाराजांना तुरुंगात ठेवले, हे आपण जाणताच. नायजेरियात गायक फेला कुटी यांच्याबाबतीत जे घडले ते मात्र स्वतंत्र देशाच्या सरकारने केले. १९३८ साली अबेओकुटा येथे जन्मलेल्या फेला यांच्या आई फुनमिलायो यांनी स्त्रियांवर लादलेल्या करांविरुद्ध मोठा लढा उभारला होता. फेला लंडनमध्ये संगीत शिकले, १९६९ साली अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी त्यांचा परिचय झाला आणि परतल्यावर त्यांनी ड्रमवादक टोनी ॲलन यांच्या साथीने ॲफ्रोबीट ही नवी संगीतशैली घडवली. रस्त्यावरच्या पिजिन, म्हणजे स्थानिक वळणाच्या मिश्र इंग्रजीत गायल्यामुळे त्यांचे म्हणणे अनेक भाषांच्या लोकांपर्यंत थेट पोहोचले. हुकूम येताच विचार न करता चालणाऱ्या सैनिकांवर त्यांनी ‘झोम्बी’ हे गीत केले. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे हजार सैनिकांनी लागोस येथील त्यांच्या वस्तीवर हल्ला चढवून ती जाळली आणि त्यांच्या वृद्ध आईला खिडकीतून खाली फेकले. पुढच्या वर्षी त्या वारल्या. चौकशीत हे काम ‘अज्ञात सैनिका’चे ठरवण्यात आले.

फेला यांच्या धैर्याबद्दल मला अपार आदर आहे. तरीही स्त्रियांसाठी लढलेल्या आईच्या या मुलाने १९७८ साली एकाच वेळी २७ जणींशी विवाह केला आणि गाण्यांतून स्त्रीच्या बरोबरीच्या हक्काची थट्टा केली, हे मला मान्य होत नाही.

प्रश्न : गावच्या वाचनालयात तरुणांसाठी तासाभराचा श्रवणाचा कार्यक्रम ठेवायचा आहे. काय ऐकवावे? (एक कार्यकर्ता, मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : सुरुवात ‘स्टिमेला’ने करावी, कारण त्यात गोष्ट आहे. त्यानंतर मकेबा यांचे ‘पाटा पाटा’ आणि अली फार्का तुरे यांच्या १९९९ च्या अल्बममधील एखादे गीत घ्यावे. शेवटी फ्रँको यांचे १९८५ चे ‘मारिओ’ लावावे. वयाने मोठ्या बाईच्या पैशावर जगणाऱ्या शिकलेल्या तरुणाची ती कथा आहे. ती आधी दोन वाक्यांत सांगून ठेवली म्हणजे गिटारींचा भाग सुरू झाल्यावर मुलांना मध्येच थांबवावे लागणार नाही. फेला यांचे एकेक गीत फार लांब असते, त्यांच्यासाठी दुसरा दिवस ठेवावा.